मायक्रोवेव्हच्या दारामागचे तीन पहारेकरी



मायक्रोवेव्ह चालू असताना दार उघडलं की ‘टक्’ आवाज येतो आणि तो थांबतो. आपण हे गृहीतच धरतो. पण दारामागच्या त्या इवल्याशा स्विचला इतिहास आहे, आणि तो माहीत असला की दुरुस्तीच्या वेळी कशाला ‘नाही’ म्हणायचं ते कळतं.

या यंत्राचा जन्म युद्धकाळातला. 1940 मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट या शास्त्रज्ञांनी रडारसाठी नवा मॅग्नेट्रॉन बनवला. त्याच वर्षी तो अमेरिकेत नेण्यात आला. तिथे रेथिऑन कंपनीतल्या पर्सी स्पेन्सर यांच्या लक्षात आलं, की या लहरींनी खाण्याचे पदार्थ तापतात. 1945 मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. 1947 चा पहिला ‘रडाररेंज’ सुमारे 340 किलोचा होता, घरात मावणारा नव्हताच. 1967 मध्ये अमाना कंपनीने ओट्यावर बसणारा ओव्हन आणला आणि सगळं बदललं. आता दार उघडणार होती घरातली बाई आणि तिची मुलं, तीही दिवसातून दहा वेळा.

त्याच वर्षी अमेरिकेत काही रंगीत टीव्हींमधून क्ष-किरण बाहेर पडत असल्याचं उघड झालं आणि लोक धास्तावले. 1968 मध्ये तिथे किरणोत्सर्गापासून संरक्षणाचा कायदा झाला, आणि त्याखाली ऑक्टोबर 1971 पासून मायक्रोवेव्हसाठी नियम आले. ओव्हनच्या आयुष्यभर, त्याच्यापासून 5 सेंटीमीटरवर, दर चौरस सेंटीमीटरला 5 मिलीवॅटपेक्षा जास्त गळती चालणार नाही. पुढे याच नियमांनी दाराला दोन स्वतंत्र सुरक्षा स्विच आणि त्यांच्यावर देखरेख करणारी व्यवस्था सक्तीची केली.

मी कॉमर्सची, म्हणून मला हे हिशोबाच्या भाषेत पटकन कळलं. चेकवर दोघांच्या सह्या लागतात, तसे ते दोन स्विच. दोन्ही जुळले तरच मॅग्नेट्रॉनला वीज. तिसरा स्विच म्हणजे ऑडिटर. दार उघडूनही मुख्य स्विच चिकटून चालूच राहिला, तर हा तिसरा मुद्दाम शॉर्टसर्किट घडवतो आणि आतला फ्यूज उडवतो. ओव्हन जागीच बंद!

म्हणजे दार उघडताच फ्यूज उडाला, तर बहुधा ऑडिटरने चोरी पकडलेली असते. अशा वेळी कुणी म्हणेल, “काकू, स्विच डायरेक्ट करून देतो, स्वस्तात काम होईल,” किंवा नुसता जाडा फ्यूज घालून देईल. दोन्हीला साफ नकार द्या. ओव्हन चालेल, पण दार उघडं असतानाही लहरी चालू राहू शकतील. त्या अन्नाला तापवतात तशाच आपल्या हाताला आणि डोळ्यांनाही तापवतात. ओट्याशी उभ्या नातवाचे डोळे नेमके त्या दाराच्या उंचीवर असतात.

आपण घरी काय पाहायचं? आधी प्लग काढा. दाराचे आकडे तुटलेत का, त्यांच्या खाचेत अन्न अडकलंय का, दार सैल लोंबतंय का, जाळी किंवा कडा खराब झाल्यात का, हे बघा. ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा. दार उघडूनही थाळी फिरत राहिली, तर लगेच भिंतीवरचं बटण बंद करून प्लग काढा आणि दुरुस्ती होईपर्यंत वापरू नका.

मागचं आवरण मात्र उघडायचं नाही. आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही वीज साठवून ठेवू शकतो; तिथला दाब दोन हजार व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त असतो. हे काम जाणकाराचंच. त्याला एवढं सांगा: उडालेल्या फ्यूजबरोबर मुख्य आणि देखरेखीचा, दोन्ही स्विच त्याच क्षमतेचे नवे घाला आणि शेवटी गळती मोजून दाखवा.

वस्तू उचलता-ठेवताना जपणं, याला आपल्याकडे आदाननिक्षेपण समिती म्हणतात. व्रत मुनींचं असलं तरी सवय आपल्यालाही लावून घेता येते. दार आपटू नका, उघड्या दारावर भांडं टेकवू नका. आकडे आणि स्विच जास्त टिकतील. आणि संध्याकाळी सूर्यास्ताच्या आत जेवण उरकायच्या घाईत ओव्हन बंद पडलाच, तर गॅस आहेच. त्या दिवसापुरतं कामचलाऊ काही करवून घेऊ नका.