तारखेचे अक्षरी रूप

युनिक्स संगणकात वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद. प्रोग्राम त्यांची वाचण्याजोगी तारीख करून देतो. पेशवेकालीन मोडी कागद वाचताना मला हेच काम करणारा कारकून दिसतो. पानिपतचे वर्ष तो ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे लिही. म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: सुहूर सन ११६१. मृगापासून डिसेंबरअखेर यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून ६००. म्हणून लढाई १७६१ ची. महिने मोहरम, सफर असे चांद्र. वर्ष मात्र मृग लागताच बदले, कारण सारा पिकावर आणि पीक पावसावर. मराठीत मुसलमानांचे काय, असे कोणी विचारले की मी ही कालगणना समजावून सांगतो.