गर्दवरचं औषध

आपण ज्याला गर्द म्हणतो ते म्हणजे अशुद्ध हेरॉईन. १८९८ साली जर्मनीच्या बायर कंपनीनं हेच हेरॉईन चक्क खोकल्याचं औषध म्हणून विकायला काढलं होतं!

पुढे अमेरिकेत त्याचं व्यसन फोफावलं. व्यसनी माणूस म्हणजे गुन्हेगार, असा तिथला खाक्या. डॉक्टर मेरी निस्वांडर या बाईंनी मात्र पाहिलं होतं, की व्यसन सुटलं म्हणून घरी पाठवलेली माणसं पुन्हा सुईकडेच वळतात. घरच्यांनी शपथा घातल्या, तरीही. मग दोष नुसता मनाचा, की शरीराचाही?

१९६४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत त्या आणि डॉक्टर व्हिन्सेंट डोल कामाला लागले. तरुण डॉक्टर मेरी जीन क्रीकही सोबत होत्या. आधी रुग्णांना अफूपासून बनणारं मॉर्फिन दिलं. ते दिवसभर पुढच्या सुईची वाट बघत बसायचे, मात्रा वाढवून मागायचे. मग मेथाडोन दिलं. तोंडानं घ्यायचं, दिवसातून एकदा. मात्रा बरोबर बसली की तलफ येत नाही, नशाही चढत नाही. नुसता बसून राहणारा एक जण चित्रं काढू लागला, दुसऱ्याला शिकावंसं वाटू लागलं. माणसं तीच होती!

१९६५ साली २२ रुग्णांचा हा अनुभव छापून आला. एक नशा सोडवून दुसरी लावली, अशी टीका झाली. मधुमेहाचा रोगी रोज इन्सुलिन घेतो, तसंच हे, असं डॉक्टरांचं म्हणणं. मात्रा चुकली तर मेथाडोननंही जीव जातो, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीतच देतात. आपल्याकडे सरकारी केंद्रांत बहुधा ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देतात, जिभेखाली ठेवायची.