बांधकाम-सांख्यिकी, मासिक

एखाद्या देशात विशिष्ट महिन्यात प्रत्यक्ष झालेल्या बांधकामाचे मूल्य वा परिमाण निश्चित करण्यासाठी शासकीय यंत्रणा जी आकडेवारी संकलित करतात, तिला मासिक बांधकाम-सांख्यिकी म्हणतात. घरे, कार्यालये, कारखाने, रस्ते, पूल, धरणे, जलवाहिन्या इत्यादींच्या उभारणीचा तीत अंतर्भाव होतो. राष्ट्रीय उत्पन्नाचे तिमाही अंदाज, व्याजदरविषयक धोरण व सार्वजनिक कामांवरील खर्चाचे निर्णय काही अंशी या आकड्यांवर अवलंबून असतात.

कोळसा, कापड, साखर यांचे मासिक उत्पादन मोजणे तुलनेने सोपे असते. महिनाअखेर तयार माल वजन करून वा मोजून सांगता येतो. बांधकामाच्या बाबतीत महिनाअखेर हाती येते ती अर्धवट भिंत, नुकताच ओतलेला स्लॅब किंवा खोदलेला पाया. एखादे धरण पूर्ण होण्यास दहा वर्षेही लागतात; ते ज्या महिन्यात पूर्ण झाले त्याच महिन्याच्या खात्यात संपूर्ण मूल्य टाकल्यास आधीची सर्व वर्षे रिकामी दिसतील. शिवाय कारखाना एका जागी असतो, तर बांधकाम हजारो ठिकाणी विखुरलेले असते आणि संपताच ते ठिकाण मजुरांसह रिकामे होते. त्यामुळे परवाना, करार, पायाखोदाई, मालाचा पुरवठा, प्रत्यक्ष काम, देयक आणि ताबा यांपैकी कोणता क्षण मोजावयाचा, हा या शास्त्रातील मूलभूत प्रश्न होय. प्रत्येक क्षणाला तारीख असते आणि प्रत्येक तारीख त्याच महिन्याचे निराळे चित्र दाखविते.

या प्रश्नाच्या उत्तराचा शोध अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) सर्वांत सलगपणे झालेला आढळतो. तेथे आरंभीची आकडेवारी शासनाने नव्हे, तर व्यापाराने निर्माण केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बॉस्टन येथे एफ. डब्ल्यू. डॉज यांनी होऊ घातलेल्या बांधकामांची माहिती ठेकेदारांना व माल विकणाऱ्यांना पुरविण्याचा व्यवसाय सुरू केला. कोणते काम कोणाला, किती रकमेला मिळाले, याच्या त्यांच्या नोंदींची बेरीज करून करारांची मासिक आकडेवारी प्रसिद्ध होऊ लागली व दीर्घकाळ तीच देशातील बांधकामाची नाडी समजली गेली. मात्र कित्येक वर्षे तिची व्याप्ती पूर्वेकडील ३७ राज्यांपुरतीच होती. कामगार-सांख्यिकी कार्यालयाने १९२० पासून मोठ्या शहरांतील बांधकाम-परवान्यांची माहिती गोळा करण्यास सुरुवात केली. परंतु परवाना म्हणजे केवळ हेतूची नोंद होय. परवाना घेऊन काम सुरूच न करणारे पुष्कळ असतात, आणि परवान्यावर लिहिलेला खर्च शुल्क वाचविण्यासाठी कमी दाखविलेला असण्याचा संभव असतो.

या आकडेवारीचे अपुरेपण महामंदीने उघडे पाडले. १९२५ मध्ये त्या देशात सु. ९,३७,००० घरांचे काम सुरू झाले होते. १९३३ मध्ये ही संख्या सु. ९३,००० पर्यंत खाली आली. हे आकडेही मागाहून केलेले अंदाज आहेत. सुतार, गवंडी व वीटभट्टीकामगार बेकार झाले होते हे उघड दिसत होते, परंतु नेमके किती काम बंद पडले आणि सार्वजनिक कामे काढून किती भरून निघेल, हे सांगू शकेल असे साधन शासनाजवळ नव्हते. या गरजेतून दोन भिन्न पद्धती पुढे आल्या. वाणिज्य खात्यातील लोवेल चॉनर यांनी १९१५ ते १९३७ या काळातील बांधकामाचे अंदाज १९३८ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी सायमन कुझनेट्स यांनी भांडवलनिर्मितीवरील आपल्या ग्रंथात वस्तुप्रवाह पद्धती विस्ताराने वापरली. सिमेंट, लाकूड, पोलाद इ. बांधकामाचा माल उत्पादकाकडून किती निघाला हे पाहून, त्यावर वाहतूक, व्यापारी नफा, मजुरी यांची भर घालून बांधकामाच्या एकूण मूल्याचा अंदाज तीत करतात. पहिल्या पद्धतीत कामांचा माग काढला जातो, दुसरीत मालाचा. पुढील काळातील बहुतेक देशांच्या पद्धती यांपैकी एकीकडे झुकलेल्या दिसतात.

जुलै १९५९ मध्ये अ. सं. सं.मधील बांधकामविषयक आकडेवारीची जबाबदारी जनगणना कार्यालयाकडे सोपविण्यात आली. तोपर्यंत कराराची रक्कम पुढील महिन्यांवर ठराविक प्रमाणात वाटून प्रत्येक महिन्याचे काम ठरवीत असत. ही वाटणी कागदावर होई. संप, हिमवृष्टी किंवा पोलादाचा तुटवडा यांमुळे काम थांबले तरी आकडा चालूच राही. १९६०–७० या दशकात खाजगी बिगरनिवासी बांधकामांसाठी मालकांकडूनच दरमहा प्रगतीची माहिती मागविण्याची पद्धत सुरू झाली. डॉज संस्थेच्या नोंदींतून कामांचा नमुना निवडावयाचा, त्यात मोठ्या कामांना अधिक वाव द्यावयाचा आणि निवडलेल्या प्रत्येक कामाच्या मालकाला ते पूर्ण होईपर्यंत दरमहा एक प्रपत्र भरावयास लावावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. राज्य व स्थानिक शासनांच्या कामांसाठी वेगळे प्रपत्र असते.

या प्रपत्रात जे विचारतात त्याला ‘जागी बसलेल्या कामाचे मूल्य’ असे म्हणता येईल. त्या महिन्यात बसविलेल्या मालाची किंमत, मजुरी, यंत्रसामग्रीच्या भाड्याचा प्रमाणशीर हिस्सा, ठेकेदाराचा नफा, वास्तुविशारद व अभियंता यांचे शुल्क, कार्यालयीन खर्च, तसेच बांधकामकाळातील व्याज व कर यांचा त्यात समावेश होतो. पैसे केव्हा चुकते झाले याला महत्त्व नसते. जागेवर आणून टाकलेल्या पण न बसविलेल्या विटा मोजल्या जात नाहीत. जमिनीची किंमत, नेहमीची डागडुजी आणि कारखान्यातील उत्पादनाची यंत्रे वगळतात. उद्वाहक, नळकाम व तापनव्यवस्था मात्र इमारतीचा भाग म्हणून धरतात. भारतीय वाचकाला ही कल्पना अपरिचित वाटू नये. सार्वजनिक बांधकाम खात्याचा अभियंता मोजमाप पुस्तिकेत झालेल्या कामाची नोंद करतो आणि तीवरून ठेकेदाराचे चालू देयक निघते. तत्त्व तेच आहे. फरक एवढाच की, तेथे या नोंदींची देशभर बेरीज केली जाते.

नव्या घरांसाठी वेगळा मार्ग चोखाळावा लागला, कारण लाखो लहान बांधणाऱ्यांना दरमहा प्रपत्र पाठविणे शक्य नव्हते. परवाने देणाऱ्या स्थानिक कार्यालयांची संख्या यासाठी टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली : १९५९ मध्ये सु. १०,०००, १९७८ मध्ये १६,०००, तर २००४ मध्ये २०,०००. परवान्यांच्या नमुन्याचा क्षेत्रकर्मचारी पाठपुरावा करतात. इमारतीच्या पायासाठी खोदाई सुरू होताच घराचा ‘आरंभ’ झाला असे मानतात. इमारतीत शंभर सदनिका असतील, तर त्या सर्व त्याच दिवशी सुरू झाल्या असे धरले जाते. एका कुटुंबासाठीच्या घरांच्या बाबतीत आरंभांची संख्या व सरासरी खर्च यांवरून येणारे मूल्य नेहमीच्या प्रगतिक्रमानुसार पुढील महिन्यांवर वाटतात. म्हणजे बिगरनिवासी कामांतून हद्दपार झालेली वाटणीची जुनी पद्धत घरांच्या बाबतीत टिकून आहे. घरे एकमेकांसारखी असल्याने तेथे ती फारशी नडत नाही.

बांधकाम उघड्यावर चालते, म्हणून हवामानाचा प्रभाव आकड्यांवर मोठा असतो. उत्तरेकडील राज्यांत जानेवारीत काम मंदावते. त्या घसरणीला मंदी म्हणावयाचे की हिवाळा, हे ठरविण्यासाठी हंगामी समायोजन करतात. जनगणना कार्यालयातील ज्यूलियस शिस्किन यांनी १९५४ मध्ये यूनिव्हॅक संगणकावर यासाठी पहिली पद्धत तयार केली. तिचीच सुधारित आवृत्ती एक्स–११ ही १९६५ मध्ये पुढे आली व तिने जगभरच्या सांख्यिकी कार्यालयांत स्थान मिळविले. समायोजित आकडा वार्षिक दराने, म्हणजे बारापट करून प्रसिद्ध करण्याची अमेरिकन प्रथा आहे. ती न जाणणाऱ्याला एका महिन्यातच वर्षभराचे काम झाल्यासारखे भासते.

किंमतींचा प्रश्न अधिक बिकट आहे. बांधकामावरचा खर्च वाढला, तर काम वाढले की सिमेंट महागले? दोन इमारती सहसा सारख्या नसल्याने धान्याप्रमाणे एकाच वस्तूची किंमत दरमहा विचारता येत नाही. बराच काळ माल व मजुरी यांच्या दरांची सरासरी काढून निर्देशांक तयार करीत. त्यात यंत्रांमुळे व कौशल्यामुळे झालेली बचत लक्षात घेतली जात नसे, परिणामी किंमतवाढ फुगे व कामाची वाढ आक्रसे. घराचे क्षेत्रफळ, स्नानगृहांची संख्या, तळघर, प्रदेश इ. गुणधर्मांवरून किंमतीचे पृथक्करण करणारा एका कुटुंबाच्या नव्या घरांचा निर्देशांक जनगणना कार्यालयाने १९६०–७० या दशकात तयार केला. शाळा, पूल वा रुग्णालये यांच्यासाठी एवढा समाधानकारक निर्देशांक साधलेला नाही. अमेरिकेतील बांधकाम-खर्चाचा मुख्य मासिक आकडा चालू किंमतींतच दिला जातो (⟶ निर्देशांक).

पहिला आकडा घाईचा असतो. न आलेल्या प्रपत्रांच्या जागी अंदाज घालून तो महिना संपल्यावर सु. पाच आठवड्यांत प्रसिद्ध होतो. पुढील दोन महिने आणि त्यानंतर वार्षिक आढाव्यात त्याच्यात दुरुस्ती होते. ही दुरुस्ती नियोजित असते. याहून निराळी घटना ४ जानेवारी २०१६ रोजी घडली. अस्तित्वात असलेल्या घरांच्या सुधारणांवरील खर्चाच्या संकलनात प्रक्रियेची चूक झाल्याचे जनगणना कार्यालयाने जाहीर केले आणि जानेवारी २००५ ते ऑक्टोबर २०१५ या जवळजवळ अकरा वर्षांचे आकडे बदलले. न्हाणीघर बदलणे, खोली वाढविणे यांसारख्या सुधारणांचा माग परवान्यांतून नीट लागत नाही. हा भाग सर्वांत कमी दिसणारा आणि म्हणूनच सर्वांत चुकीप्रवण आहे. चूक स्वतःहून कबूल केली गेली, हे त्या कार्यालयाला भूषणावह आहे.

ग्रेट ब्रिटनमध्ये मोजणीचा एकक काम नसून व्यवसायसंस्था हा आहे. सुमारे ८,००० संस्थांना त्यांनी महिन्यात केलेल्या कामाचे मूल्य विचारतात. पोटठेकेदाराला दिलेले काम दोनदा मोजले जाऊ नये म्हणून मूळ ठेकेदाराने ते वगळावयाचे असते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २००८ मध्ये ही आकडेवारी हाती घेतली व २०१० पासून ती मासिक केली. तिच्यामुळे काय घडू शकते, याचा प्रत्यय २०१२ मध्ये आला. २०११ च्या अखेरच्या तिमाहीत राष्ट्रीय उत्पादन घटले होते. एप्रिल २०१२ मध्ये वर्षाच्या पहिल्या तिमाहीचा प्राथमिक अंदाज ०·२ टक्के घट असा आला. त्यात बांधकामातील ३ टक्के घटीचा वाटा मोठा होता. लागोपाठ दोन तिमाहींतील घट म्हणजे मंदी या संकेतानुसार देश दुसऱ्यांदा मंदीत गेला, असे जाहीर झाले आणि शासनाच्या काटकसरीच्या धोरणावर संसदेत व वृत्तपत्रांत टीकेचे मोहोळ उठले. जून २०१३ मधील दुरुस्तीत त्या तिमाहीचा बदल शून्य ठरला. ती मंदी आकडेवारीतून नाहीशी झाली. वर्षभराचा वादविवाद मात्र मागे घेता येण्यासारखा नव्हता. एकूण उत्पादनात एकदशांशाहूनही कमी वाटा असणाऱ्या क्षेत्रातील चढउतार सर्व देशाचे चिन्ह अधिकाचे उणे करू शकतात, ही गोष्ट या प्रसंगाने लक्षात आणून दिली. पुढे डिसेंबर २०१४ मध्ये बांधकाम-उत्पादनाच्या आकडेवारीचा ‘राष्ट्रीय सांख्यिकी’ हा दर्जा काढून घेण्यात आला. किंमत-निर्देशांकांतील उणिवा हे त्याचे प्रमुख कारण होते.

भारतात झालेल्या कामाची थेट मासिक मोजणी रूढ झाली नाही. येथे कुझनेट्स यांच्या मार्गाने, म्हणजे मालाच्या प्रवाहावरून अनुमान करण्यात आले. पक्क्या बांधकामाचे वार्षिक मूल्य सिमेंट, पोलाद, विटा व कौले, लाकूड, डांबर, काच इत्यादींच्या उपलब्धतेवरून काढण्याची पद्धत राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेत स्थिर झाली. तिमाही अंदाजांत सिमेंटचे उत्पादन व तयार पोलादाचा खप हे प्रमुख निर्देशक ठरले. मासिक चित्रासाठी औद्योगिक उत्पादन निर्देशांकाकडे पाहिले जाते. २०११–१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या मालिकेत पायाभूत सुविधा व बांधकाम यांसाठीच्या वस्तूंचा स्वतंत्र गट करण्यात येऊन त्याला १२·३४ टक्के भार देण्यात आला. सिमेंटचे कारखाने मर्यादित व नोंदलेले असल्याने हा मार्ग सोयीचा व कमी खर्चाचा आहे. पण कारखान्यातून निघालेले पोते त्याच महिन्यात कालविले जाते असे नाही. गावठी विटा व मजुराचे श्रम निर्देशांकात येत नाहीत. आणि धरणाच्या भिंतीत गेलेले सिमेंट व चाळीच्या गिलाव्याला लागलेले सिमेंट यांच्यात तो भेद करीत नाही. पावसाळ्यात काम मंदावते, म्हणून भारतात बहुधा मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी तुलना करतात.

टोकाच्या प्रसंगी हा निर्देशक बोलका ठरतो. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे सिमेंटचे उत्पादन मागील वर्षाच्या तुलनेने ८० टक्क्यांहून अधिक घटले आणि एप्रिल–जून या तिमाहीत बांधकाम-क्षेत्राचे मूल्यवर्धन पहिल्या अंदाजानुसार ५०·३ टक्क्यांनी खाली आले. मुंबई, पुणे, ठाणे येथील बांधकामांवरून गावाकडे पायी निघालेल्या मजुरांची गणना मात्र या दोन्ही आकड्यांत नव्हती.

परवान्यांवर आधारित माहिती गोळा करण्याचे काम १९५४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय इमारत संघटनेकडे आले. ती राज्यांच्या सांख्यिकी संचालनालयांमार्फत मिळते व नगरपालिकांच्या दिरंगाईने बहुधा रखडते. कामाच्या प्रगतीची कामनिहाय नोंद भारतात सांख्यिकीच्या नव्हे, तर ग्राहकसंरक्षणाच्या वाटेने आली. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ अन्वये प्रवर्तकाला नोंदणीकृत प्रकल्पाची स्थिती दर तिमाहीस अद्ययावत करावी लागते. ग्राहकांकडून आलेल्या रकमेचा ७० टक्के भाग स्वतंत्र खात्यात ठेवून, काम किती टक्के झाले याबद्दल अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांनी प्रमाणपत्र दिल्यावरच त्या प्रमाणात तो काढता येतो. महाराष्ट्रातील नियामक प्राधिकरणाचे काम मे २०१७ मध्ये सुरू झाले. ‘जागी बसलेले काम’ हीच कल्पना या प्रमाणपत्रांमागे आहे. ती तिमाही असून लहान घरे, रस्ते व शासकीय कामे त्यांच्या कक्षेबाहेर राहतात. तरीही परवाना व सिमेंट यांच्या मधला जो टप्पा भारतीय आकडेवारीत रिकामा होता, त्यासंबंधीचा कच्चा माल त्यांत साठत आहे.