राजमृत्यूचे मखर

युरोपच्या इतिहासावरील विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत 'कॅटाफाल्क' या शब्दास 'समाधी' हा प्रतिशब्द योजलेला वारंवार आढळतो. ही चूक वरवर शब्दाची वाटते. वस्तुतः ती इतिहासाची आहे. समाधीस स्थळ लागते. महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात नांदेडचा सचखंड गुरुद्वारा उभारविला, तो श्री गुरू गोविंदसिंगजींच्या दहनस्थानीच. कॅटाफाल्कला देह लागत नाही, आणि तो टिकावा अशी अपेक्षाही नसते.

स्पेनचा राजा दुसरा फेलिपे 13 सप्टेंबर 1598 रोजी एस्कोरियाल येथे मरण पावला व तेथेच त्याचे दफन झाले. (1580 पासून तो पोर्तुगालचाही राजा होता, म्हणजे गोवा, वसई व चौल यांचाही धनी तोच, हे आपण सहसा विसरतो.) त्याची उत्तरक्रिया मात्र नगरोनगरी झाली, राज्याबाहेरील फ्लॉरेन्समध्येदेखील. सेव्हिलच्या प्रधान चर्चमध्ये हुआन दे ओविएदो याच्या योजनेनुसार एक प्रचंड मजलेदार देखावा उभा राहिला. पुतळे, चित्रे, लेख, मेणबत्त्या, सारे त्यात होते. राजा तेवढा नव्हता. नोव्हेंबरात ऐन उपासनेच्या वेळी न्यायाधिकाऱ्यांच्या बाकावरील काळ्या वस्त्रावरून त्यांचा व इन्क्विझिशनचा कलह माजला आणि विधी अर्ध्यावर थांबला. ते रिकामे शोकमंदिर वर्षअखेरपर्यंत तसेच उभे होते. सर्व्हांतेसने त्यावर उपरोधिक सुनीत रचले, यात नवल नाही. राजाच्या मृत्यूपेक्षा जिवंतांचा मानपानच तेथे अधिक दिसला.

या देखाव्यास स्पॅनिशमध्ये 'तूमुलो' म्हणत. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मातीचा उंचवटा, थडगे. आपला अनुवादक फसतो तो येथेच. इटालियन 'काताफाल्को' मात्र खरे सांगतो: परांचीवाचक इंग्रजी 'स्कॅफोल्ड' त्याच कुळातला. 'कास्त्रुम डोलोरिस', म्हणजे शोकाचा कोट, ही लॅटिन संज्ञाही रचनेकडेच बोट दाखविते, देहाकडे नव्हे.

याउलट जुन्या गोव्यातील बॉम जेझूस चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरच्या चांदीच्या पेटीखालील संगमरवरी चौथरा पाहावा. तोस्कानाचा अधिपती तिसरा कोझिमो याची ती देणगी. फोज्जिनी या त्याच्या दरबारी शिल्पकाराची ती कृती 1698 मध्ये तेथे बसविण्यात आली. थाट राजेशाही, परंतु देह तेथे आहे आणि दगड खरा आहे. तिला समाधी म्हणण्यास हरकत नाही.

कॅटाफाल्कसाठी 'मखर' हा शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो: विधीपुरते उभारलेले, डोळे दिपविणारे, विधी सरताच उतरविले जाणारे. त्याचा मंगल अर्थ आड येतो, हे मान्य. म्हणून 'शोकमखर' म्हणावे. निदान वाचक त्यात देह तरी शोधणार नाही.