विश्वकोशातले नाणे

नाणे दोनदा उडवले तर निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता किती? फ्रेंच गणिती दालाँबेर यांनी १७५४ साली फ्रेंच विश्वकोशात हा प्रश्न घेतला. पहिल्याच खेपेला छापा पडला तर खेळ संपला. म्हणून निष्पत्ती तीनच : छापा, काटा-छापा, काटा-काटा. उत्तर २/३.

पण या तीन निष्पत्ती समसंभाव्य नाहीत. पहिलीच्या पोटात छापा-छापा आणि छापा-काटा अशा दोन आहेत. म्हणून उत्तर ३/४.

आपल्या वर्गातही कुणी २/३ म्हणेल. ते लगेच खोडू नये. आपण नाण्यांची जोडी २०० वेळा उडवून नोंद ठेवू. २/३ बरोबर असेल तर सुमारे १३३ वेळा छापा दिसेल. ३/४ असेल तर सुमारे १५० वेळा. निवाडा नाणीच करतील.