संवेगाला दिशा कशी मिळाली?

शाळेत संवेग अक्षय्यतेचा नियम आपण न्यूटनच्या तीन नियमांनंतर शिकवतो. त्यामुळे तो त्यांच्यातूनच निघाला असे विद्यार्थ्यांना वाटते. इतिहासाचा क्रम मात्र उलटा आहे.

१६४४ साली फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्तने असे मांडले की, ईश्वराने सृष्टीत जेवढी गती घातली तेवढीच तो कायम राखतो. ही गती मोजायची ती वस्तूचे आकारमान गुणिले चाल अशी. तिच्यात दिशेचा हिशेब नव्हता. या पायावर त्याने टकरींचे सात नियम रचले, आणि त्यांतले बहुतेक चुकले. चौथा नियम तर सांगतो की, स्थिर असलेल्या मोठ्या वस्तूला लहान वस्तू कितीही वेगाने आदळली, तरी हलवू शकणार नाही!

हॉलंडमधील तरुण ख्रिस्तिआन हायगेन्झला हे पटेना. त्याचे गुरू व्हान स्कोटेन देकार्तचे अनुयायी. त्यांनी त्याला या वादापासून परावृत्त करायचा प्रयत्न केला. (शिष्याने ऐकले नाही, हे बरेच झाले.) १६५६ च्या सुमारास त्याने जी युक्ती योजली, ती वर्गात आवर्जून सांगावी अशी आहे. कालव्यातून एकसमान वेगाने एक होडी चालली आहे. तिच्यातला माणूस दोन सारखे टणक गोळे समान चालीने समोरासमोर आदळवतो. ते तेवढ्याच चालीने मागे फिरणार, हे उघड आहे. आता होडीची चालही तेवढीच असेल, तर काठावरच्या माणसाला काय दिसेल? एक गोळा स्थिर आणि दुसरा दुप्पट चालीने येणारा. टक्कर होताच येणारा थांबतो आणि स्थिर होता तो दुप्पट चालीने निघतो. कॅरमच्या दोन सोंगट्या अगदी समोरासमोर आदळल्या की साधारण हेच घडते.

याच वाटेने तो विषम वस्तूंकडे वळला. १ किलोचा गोळा सेकंदाला २ मीटर वेगाने ३ किलोच्या स्थिर गोळ्यावर आदळला, असे समजू. दोन्ही पूर्ण स्थितिस्थापक असतील, तर लहान गोळा १ मीटर वेगाने मागे येतो आणि मोठा १ मीटर वेगाने पुढे जातो. देकार्तच्या हिशेबाने गती आधी २ होती, नंतर १ अधिक ३ म्हणजे ४ झाली, चक्क दुप्पट! मागे येणाऱ्या गोळ्याला उणे चिन्ह दिले, की ३ उणे १ बरोबर २. गणितात उणे चिन्ह विसरणारा विद्यार्थी नेमका देकार्तच्या जागी उभा असतो, हे आम्हाला मोठे गमतीचे वाटते.

१६६८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने या प्रश्नावर मते मागवली. वॉलिस, रेन आणि हायगेन्झ यांनी उत्तरे पाठवली. वॉलिसने न उसळणाऱ्या वस्तू घेतल्या होत्या, इतर दोघांनी उसळणाऱ्या. पण दिशा तिघांनीही मोजली. सोसायटीने १६६९ मध्ये पहिल्या दोघांचे लेख छापले. वगळल्या गेलेल्या हायगेन्झने रागावून आपले नियम पॅरिसमध्ये प्रसिद्ध केले. न्यूटनने मात्र १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त तिघांचाही नावानिशी उल्लेख केला आहे. होडीची संपूर्ण सिद्धता छापली गेली ती १७०३ साली, हायगेन्झच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी.