ॲनफिल्डची डोलकाठी

लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानाची सहल ही मुळात नातवाची हौस. ड्रेसिंग रूममधल्या जर्सींपुढे त्याचे फोटो काढून काढून सूनबाई दमल्या. बोगद्यातल्या ‘धिस इज ॲनफिल्ड’ या पाटीला हात लावायला आमचे चिरंजीवही पोरासारखेच धडपडत होते. माझी सारी नोकरी तार खात्यात गेलेली. मला ओढ होती ती कॉप स्टँडच्या कोपऱ्याबाहेर उभ्या असलेल्या पांढऱ्या डोलकाठीची.

ती ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाची. ब्रुनेल या इंजिनिअरचं हे 692 फूट लांबीचं जहाज 1858 मध्ये पाण्यात उतरलं, तेव्हा जगात त्याच्या तोडीचं दुसरं नव्हतं. उतारूंच्या वाहतुकीत ते आतबट्ट्याचं ठरलं, पण समुद्रतळाशी टाकायची लांबलचक केबल त्याच्या पोटात मावायची. 1866 मध्ये त्याने अटलांटिकखालून केबल टाकली आणि फेब्रुवारी 1870 मध्ये ते मुंबईहून एडनकडे केबल सोडत निघालं. त्याआधीची तार इराण-तुर्कस्तानातून हातोहात जायची आणि वाटेत मजकुराचा पार चोथा व्हायचा. समुद्रमार्गे मुंबई त्याच वर्षी लंडनला जोडली गेली. म्हातारपणी या जहाजाच्या अंगावर एका दुकानाची जाहिरात रंगवली गेली. 1889 पासून ते इथल्याच मर्सी नदीकाठी मोडीत निघालं आणि त्याची एक डोलकाठी घोड्यांनी ओढत मैदानावर आणली. तिच्यावर आता क्लबचा झेंडा फडकतो.

मैदान 1884 चं, आणि पहिले भाडेकरू एव्हर्टनवाले. जॉन हाउल्डिंग या बिअरच्या कारखानदाराशी भाड्यावरून बिनसलं, तसे ते 1892 मध्ये निघून गेले. रिकामं मैदान हाताशी राहिलेल्या हाउल्डिंगने नवा संघ उभा केला, तोच लिव्हरपूल. 1906 मध्ये संघाने लीग जिंकली आणि गोलामागे प्रेक्षकांना उभं राहायला पायऱ्यांचा उंच उतार बांधण्यात आला. अर्नेस्ट एडवर्ड्स या स्थानिक पत्रकाराने त्याला नाव सुचवलं ‘स्पायन कॉप’.

हे नाव दक्षिण आफ्रिकेतल्या एका टेकडीचं, आणि तेही पराभवाचं. जानेवारी 1900 मध्ये बोअर युद्धात इंग्रज फौज धुक्यात ती टेकडी चढली. वर खडक, त्यामुळे खंदक जेमतेम खणले गेले. धुकं विरल्यावर शेजारच्या टेकड्यांवरून बोअरांचा मारा सुरू झाला. दुसऱ्या रात्री फौज उतरली, ती शेकडो प्रेतं मागे टाकून. त्यात लँकेशरच्या, म्हणजे लिव्हरपूल तेव्हा ज्या परगण्यात होतं तिथल्या, पलटणींतली पोरं पुष्कळ होती. या गावाने त्यांची आठवण धरली ती अशी, फुटबॉलच्या पायऱ्यांवर. 1989 मध्ये हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीत याच क्लबचे 97 चाहते प्राणास मुकले. त्यानंतर बड्या मैदानांवर सर्वांना बसायला खुर्च्या हव्यात असं ठरलं, आणि 1994 मध्ये कॉपच्या उभं राहायच्या पायऱ्या गेल्या. नाव मात्र हललं नाही.

त्या टेकडीवरच्या जखमींना वाहून नेणाऱ्यांत मोहनदास गांधी होते. तिथल्या नाताळ वसाहतीतल्या हिंदी लोकांचं सुमारे अकराशे जणांचं शुश्रूषा पथक त्यांनी उभारलं होतं. त्यात बहुसंख्य गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर. स्ट्रेचर खांद्यावर घेऊन ही माणसं दिवसाला वीस-पंचवीस मैल चालत.

परतताना बसमध्ये हे सांगितलं, तर नातू चक्रावला.

“पण आजोबा, गांधीजी इंग्रजांच्या बाजूने?”

“तेव्हा, हो.” आत्मकथेत त्यांनी उघड लिहिलंय, मन बोअरांकडे होतं, पण साम्राज्याची प्रजा म्हणून हक्क मागायचे तर संकटात मदत करणंही कर्तव्यच.

त्याला ते पटलं नाही, आणि माझ्यापाशीही त्याला पटेल असं उत्तर नव्हतं. एवढंच म्हणालो की, साम्राज्याच्या कामाला तेव्हा दोन्हीकडचे गरीब जुंपलेले होते. लँकेशरची पोरं टेकडीवर मरत होती आणि आपली माणसं त्यांना उचलून आणत होती. नाव टेकडीचं राहिलं, उचलणाऱ्यांचं नाही.